पिवळं दार, दुसरी बाजू, शेवटचं गाणं

दातवाल्यांचं ठाम मत होतं, की रॉक अल्बमची परीक्षा पहिल्या गाण्यावरून कधी करू नये. पहिलं गाणं म्हणजे दुकानाची काच. तिथे जो तो चांगलाच माल मांडतो. खरी परीक्षा दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात होते. तिथवर बँडची धग टिकली तर ती माणसं अस्सल, नाहीतर बडा घर पोकळ वासा. हे मत ते कोणी विचारलं नाही तरी सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात बहुतेक वेळा कच्ची कवळी बसवलेली असल्यामुळे त्याला वाद घालता येत नसे.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेण वितळवायचा छोटा बर्नर, कोपऱ्यात पॉलिशचं चाक. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत, आणि कवळी घालून बोलताना अडतंय अशी कोणाची तक्रार आली की माणूसच पाठवून देत. मग दातवाले त्याला "सासरे सशासारखे सुसाट सुटले" असलं काहीतरी म्हणायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. स कुठे सुटतो, फ कुठे फुटतो. त्यांचा कान इतका तयार झाला होता, की जिन्यात कोणी खाकरलं तरी वरचे दात कोणाचे आहेत हे ते आतून सांगत.

मागच्या खोलीत रेकॉर्ड प्लेयर होता आणि शेजारच्या कपाटात जगातलं सगळं चांगलं संगीत, म्हणजे दातवाल्यांच्या मते जेवढं चांगलं आहे तेवढं सगळं. त्यात मानाचा खण एकाच बँडचा. चौघं जण होते, म्हणून चाहत्यांच्या तोंडी त्यांचं नाव 'चौकडी'. अल्बमच्या वेष्टनावर ते नाव छापत नसत, नुसतं एक चित्र असे. त्यामुळे अल्बमची नावंही चाहत्यांनीच पाडली होती: शिडी, रिकामी खुर्ची, पिवळं दार.

'शिडी' पहिला. पत्र्याच्या शेडमध्ये बसून वाजवल्यासारखा खडबडीत. त्यातलं 'गंज' हे गाणं दातवाले केव्हाही ऐकायला तयार असत, कारण त्यात गिटारवाल्याचं बोट एकदा चुकतं आणि तो ती चूक लपवत नाही, पुढच्या फेरीत मुद्दाम तीच पुन्हा करतो. "याला म्हणतात छाती," दातवाले म्हणायचे. 'रिकामी खुर्ची'वर मात्र त्यांचा राग होता. अति पॉलिश केलेली कवळी. दिसायला देखणी, चावायला कुचकामी. आणि त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नेमका त्याच अल्बमचा भक्त.

"भाऊजी, खुर्चीतलं पहिलं गाणं घ्या," तो दर रविवारी दुपारी सुरू करायचा. "नुसत्या बेसवर अर्धं गाणं उभं केलंय. कोणाच्या बापाला जमेल?"

"अर्धं उभं केलंय रे. उरलेलं आडवं पडलंय, त्याचं काय?"

"तुम्हाला ना, काही गोड आवडतच नाही."

"तुझ्या बहिणीशी लग्न केलं, अजून किती गोड पाहिजे?"

आतून इस्त्रीचा फस्स आवाज यायचा आणि बायको म्हणायची, "टोमणा कळला हं."

मेहुणा विजेचे मीटर वाचायचं काम करायचा. दिवसभर जिने चढताना तोंडात शिट्टी. ती ऐकू आली की लोक मीटरसमोरचं अडगळ-सामान बाजूला करून ठेवत, इतकी ती ओळखीची.

'पिवळं दार'वर मात्र दोघांचं एकमत होतं. त्यातही शेवटचं गाणं, 'उंबरठा'. दारात एक माणूस उभा आहे. आत यावं की निघून जावं हे त्याला ठरवता येत नाही. एवढीच गोष्ट. दोन कडवी होतात, मग गिटारची एक लांब फेरी, आणि मग सगळं एकदम बंद. गाणं संपलं असं वाटावं इतकं बंद. ते चौघं ज्या खोलीत वाजवत होते त्या खोलीतली नुसती हवा ऐकू येते. मग ढोलाचा एक ठोका पडतो आणि चौघं एकदम कोसळतात. त्या रिकाम्या जागेला दातवाले आणि मेहुणा 'दम' म्हणत.

"वाजवणारे पन्नास मिळतील," दातवाले म्हणायचे. "थांबणारा एखादाच. तो दम आहे म्हणून ते गाणं आहे."

गाणं चालू असताना कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही, असा त्यांनी घरात नियम केला होता, आणि घरातल्या नियमाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. मेहुणा गिटारच्या फेरीला शिट्टीने साथ करायचा. बायको आतल्या खोलीत कपडे इस्त्री करता करता दुसऱ्या कडव्याला गुणगुणायची. आणि दम आला की ती नेमकी आतून हाक मारायची, "अहो!"

"अगं, संपलं नाहीये अजून!"

"मला वाटलं संपलं."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला दर वेळी तसंच वाटत आलं होतं. दातवाले कपाळाला हात लावत, पण ते चिडणं लटकं होतं. तिच्या "अहो"मधला ह जवळजवळ नसायचाच, नुसता श्वास असायचा, आणि शेवटचा ओ किंचित वर चढायचा. तसा ओ त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि तोंडं तर त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांना ती हाक फार आवडायची. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. नवरे सांगत नाहीत.

मग रेकॉर्ड प्लेयरची सुई झिजली आणि त्यांनी रेकॉर्डवाल्याकडून नवी आणली.

ज्यांना हा नाद आहे त्यांना ठाऊक असतं, की नवी सुई बसवली की जुन्या तबकडीतून काय काय निघतं. गायकाचा श्वास, स्टुलाची कुरकुर, तारेवरून घसरलेलं नख. शौकीन माणसं त्याचीच वाट बघत असतात. त्यामुळे त्या रविवारी 'उंबरठा'च्या गिटारफेरीखाली बारीकशी शिट्टी ऐकू आली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांना आनंदच झाला.

"भाऊजी! शिट्टी!"

"ऐकतोय."

"इतकी वर्षं आपण काय कानात बोळे घालून बसलो होतो?"

"सुई रे, सुई. जुनी आपली आंधळी होती."

त्यांनी ती फेरी पुन्हा लावली. मग पुन्हा. दर वेळी शिट्टी थोडी पुढे येत होती. सुई बसतेय, दातवाले म्हणाले. गिटार वर चढते तेव्हा शिट्टी खालून तिला हात देत होती. हे कोणाला सुचलं असेल, म्हणून त्यांनी चौकडीला मनातल्या मनात मुजरा केला.

दोन-चार दिवसांनी मेहुणा कामाच्या वेळेत आला आणि सरळ खुर्चीत बसून त्याने आ केला.

"दात सरकलेत का बघा. शिट्टी वाजत नाहीये."

दातवाल्यांनी दिवा जवळ ओढला. पुढच्या दाताचा लहानपणी उडालेला टवका होता तिथेच होता. बाकी सगळं जागच्या जागी. मेहुण्याने ओठांचा चंबू करून फुंकलं. नुसता वारा आला. त्याने पुन्हा फुंकलं, गाल फुगवून, डोळे बाहेर येईपर्यंत.

"उतारवय," दातवाले म्हणाले.

"पस्तिशीत?"

"मग पाणी पी. ओठ कोरडे पडले असतील."

मेहुणा हसला, पण उठताना हाताने आपले ओठ चाचपत राहिला.

पुढच्या रविवारी दुसऱ्या कडव्याला पदर आला. दातवाल्यांच्या मनात हाच शब्द आला. गायकाच्या आवाजाखाली एक बाई गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसता बंद ओठांतला सूर, मधेच किंचित नाकात जाणारा. त्यामुळे दारातल्या माणसाच्या मागे घर उभं राहिलं. आधी तो एकटाच वाटायचा. आता आत कोणीतरी आहे हे कळत होतं. दातवाले मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा!" आणि म्हणता म्हणता थांबले. आतल्या खोलीत इस्त्रीचा फस्स आवाज येत होता. बाकी काही नव्हतं.

ते उठून दारात गेले. बायको सदऱ्याच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. मान तालावर हलत होती. ओठ मिटलेले होते.

"गुणगुणत नाहीस आज?"

"गुणगुणतेय की," ती म्हणाली.

तबकडी बगलेत मारून ते दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डवाल्याकडे गेले. दुकानात जुन्या पुठ्ठ्याचा वास होता आणि गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"सुईत काही दोष आहे का बघा," ते म्हणाले. "नसलेलं ऐकू येतंय."

रेकॉर्डवाल्याने तबकडी आपल्या यंत्रावर, आपल्या जुन्या सुईवर लावली. गुणगुणणं आलं. मग शिट्टी आली.

"यात काय नसलेलं?" तो म्हणाला.

"शिट्टी आधी नव्हती."

"काय सांगता! अहो, शिट्टीसाठी तर लोक हा अल्बम घेतात." त्याने मागच्या खणातून कधी न उघडलेली प्रत काढली, प्लास्टिक फाडलं आणि ती लावली. शिट्टी होती. "माझा भाऊ आणि मी शाळेत असताना भांडायचो, ही गायकाची की ढोलवाल्याची म्हणून. तुम्ही एवढे दर्दी, आणि तुम्हाला शिट्टी माहीत नाही?"

दातवाले डोळे मिटून ऐकत होते. शिट्टी वरच्या सुरावर पोचली की एका बाजूने हवा सांडायची, पुढच्या दाताचा टवका उडालेला असेल तर सांडते तशी.

घरी येताना त्यांनी हिशोब केला. शिट्टी गेली होती, गुणगुणणं गेलं होतं. गाण्यात आता एकच रिकामी जागा उरली होती, आणि तिथे दर वेळी कोण बोलतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तबकडी माळ्यावर प्लास्टरच्या पोत्यांमागे सरकवून दिली. बायकोला आणि मेहुण्याला सांगितलं, चरे पडलेत, वाजत नाही.

त्यांना न वाजवता राहणं सोपं गेलं नाही. मेण कापताना डोक्यात गिटारची फेरी सुरू व्हायची आणि हात थांबायचा. मग ते 'शिडी' लावत, 'गंज' ऐकत, आणि ते गाणं त्यांना पहिल्यांदाच थोडं पोरकट वाटायचं. पण आतून "अहो" आलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. कधी कधी ते मुद्दाम पहिल्या हाकेला ओ देत नसत, म्हणजे दुसरी हाक येई.

"कान गेले का तुमचे?" बायको दारात येऊन विचारायची.

"नाही गं. मेणात लक्ष होतं."

ते तिच्याकडे बघत बसत. तीही मग उगाच पदर सारखा करी आणि म्हणे, "काय झालंय तुम्हाला हल्ली?"

महिनाभर असं चाललं. एका संध्याकाळी ते डॉक्टरांकडे तयार कवळी पोचवून परत येत होते. रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. फळवाला टोपल्या झाकत होता. घराच्या कोपऱ्यावर आले आणि वरच्या खिडकीतून त्यांना ढोल ऐकू आला.

दुसरी बाजू. शेवटचं गाणं. पहिलं कडवं संपत होतं.

ते धावत सुटले. जिन्याच्या पहिल्या वळणावर दुसरं कडवं सुरू झालं, आणि त्याखालून ते गुणगुणणं. दुसऱ्या वळणावर गिटार. शिट्टी तिला हात देत वर निघाली होती, आणि एवढ्या घाईतही दातवाल्यांना वाटून गेलं, की काय गाणं आहे!

"बंद करा!" ते ओरडले. ढोलापुढे कोणाला ऐकू जाणार?

त्यांनी दारावर मुठी आपटल्या. मेहुण्याने हसत दार उघडलं. त्याच्या हातात पिवळ्या दाराचं कोरं वेष्टन होतं.

"तुमच्या तबकडीला चरे पडले ना, म्हणून नवीन..."

दम आला.

सगळं थांबलं. आतल्या खोलीत बायकोने दाराचा आवाज ऐकला असणार.

"अहो!"

ढोलाचा ठोका पडला.

ती हात पुसत बाहेर आली. "बघितलंत का याने काय आणलंय? मीच म्हटलं, लावून ठेव, येतीलच ते." दातवाल्यांनी सुई उचलली. घाईत ती तबकडीवर कर्रकन घासली.

"मला हाक मार," ते म्हणाले.

"समोर तर उभे आहात."

"तरी मार."

ती भावाकडे बघून हसली, काय वेड लागलंय यांना, अशी. मग तिने तोंड उघडलं. ओठ गोल झाले. श्वास बाहेर आला.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

बाकी ती सगळं बोलायची. भावाला रागवायची, दुधवाल्याशी वाद घालायची. फक्त ती हाक तिच्या तोंडून निघत नव्हती, आणि निघत नाही हे तिला कळत नव्हतं. दातवाले पॉलिशच्या चाकावरून मान वर करत तेव्हा ती दारात उभी असायची.

"केव्हाची उभी आहेस?"

"हाका मारून थकले. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मेहुणा एकदाच बोलला त्याबद्दल. दुपारी, निघता निघता. "ताई तुम्हाला हाक मारायची ना पूर्वी? की मला उगाच वाटतंय?"

"मारायची," दातवाले म्हणाले.

"हां." तो जिना उतरून गेला. जिन्यात फक्त चपला वाजल्या.

तबकडी लावायची नाही हे दातवाल्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी ते पाळलंही असतं. पण ती हाक आता दुसरीकडे कुठेच नव्हती. बायको बाजारात गेलेली असताना त्यांनी दार लावून घेतलं आणि 'उंबरठा'वर सुई ठेवली.

दातवाले प्रामाणिक रसिक होते, आणि त्यांना कबूल करावं लागलं, की गाणं पूर्वीपेक्षा चांगलं झालं होतं. फार चांगलं. तो माणूस इतकी वर्षं दारात उभा होता आणि कोणी त्याला बोलावत नव्हतं, हीच त्या गाण्यातली उणीव होती. आता गिटार थांबली, हवा ऐकू आली, आणि त्या हवेतून "अहो" आलं. ह नाही, नुसता श्वास. ओ किंचित वर चढलेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अल्बमचे अल्बम ऐकत आले होते, पण एवढ्या ताकदीचा एक शब्द त्यांनी कुठल्या गाण्यात ऐकला नव्हता.

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "ओ!"

ढोलाचा ठोका पडला.

मग हळूच, स्वतःशीच, त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. ओठ गोल झाले.

त्यांनी सासरे म्हणून बघितलं, ससा म्हणून बघितलं. ते सगळं नीट आलं.

बायको परतली तेव्हा तबकडी अजून फिरत होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि शेजारी येऊन बसली. "लावा ना पुन्हा," ती म्हणाली. "ती दोघं बोलतात ना मधे, ते मला फार आवडतं."

"ती तू आहेस," दातवाले म्हणाले.

"चला! माझा आवाज एवढा गोड कुठला?"

त्यांनी सुई ठेवली. तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. कडवी झाली, फेरी झाली. दम आला.

"अहो."

"ओ."

इथे ठोका पडायला हवा होता. पडला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुरुष काहीतरी हलक्या आवाजात बोलला, आणि बाई हसली, खूप वर्षांपूर्वी हसायची तशी. बायकोही ऐकून हसू लागली. दातवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते. खोलीत आवाज नव्हता.

तबकडीतला पुरुष पुन्हा काहीतरी म्हणाला.

"हळू बोला ना," बाई म्हणाली. "ती दोघं अजून तिथेच बसलीयेत."